सत्तावीस की बहात्तर

बेळगावच्या बस स्टँडबाहेर बैलहोंगलकडची एक आजी बुट्टी घेऊन बसायची. पाऊस सरत आला की तिच्या बुट्टीत ओल्या शेंगा असत. 2022 साली, माझं कन्नड जेमतेम सहा महिन्यांचं असताना, मी मोठ्या उमेदीनं तिच्यापुढं उभी राहिले आणि विचारलं, "अज्जी, एष्टु?"

"एप्पत्तु."

मी पिशवी पुढं केली, शेंगा घेतल्या आणि वीसची नोट दिली. तिनं नोटेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "इप्पत्तल्ल, एप्पत्तु!" मी मान डोलावली आणि नोट तशीच धरून उभी. मग ती आणखी मोठ्यानं ओरडली, "एप्पत्तु!" शेजारचा लिंबूवाला वळून बघायला लागला. इप्पत्तु म्हणजे वीस आणि एप्पत्तु म्हणजे सत्तर, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं, पाठही होतं. कानात मात्र नव्हतं. शेवटी आजीनं शेंगांची मूठ खाली ठेवली आणि दोन्ही हातांची मिळून सात बोटं माझ्या नाकासमोर धरली.

पन्नास रुपये आणखी मोजून मी खानापूरच्या बसमध्ये चढले ती कान लाल करून. पिरनवाडी गेली, मच्छे गेलं, तरी माझ्या डोक्यात आजीच होती. तिनं एकच गोष्ट तीनदा सांगितली होती, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. आणि मला ती तिन्ही वेळा तितकीच कळली नव्हती. गणेबैलच्या आसपास कधीतरी लक्षात आलं की हे मी रोज करते. खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी तेव्हा बावीस वर्षं शिकवत होते, आणि पोराला कळलं नाही की माझा आवाज चढायचा. बोटं दाखवायचं मला क्वचितच सुचायचं.

आता त्या पोरांविषयी. दुसरीच्या वर्गात मी "सत्तावीस" म्हणाले की तीसातली सात-आठ पोरं हमखास 72 लिहायची. दरवर्षी नवी पोरं, चूक तीच. "लक्ष कुठंय तुझं?" हे माझं ठरलेलं वाक्य. धांदरटपणा, घाई, घरी अभ्यास न घेणं, आई-बाप दोघंही शेतावर, अशी कारणं मी पाठ केली होती. "एकोणतीस" सांगितलं की काही जण 39 लिहायचे. त्यांच्या पाटीवर मी लाल खडूनं काट मारायचे. ती पोरं तीस ऐकून तीन लिहीत होती, म्हणजे माझं बोलणं अगदी लक्ष देऊन ऐकत होती, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मला कन्नड शिकवत होत्या त्या आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाई. मुलं त्यांना अक्कोर म्हणायची, म्हणून मीही अक्कोरच म्हणते. कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा त्या बदलून आल्या. माहेर-सासर दोन्ही मलप्रभेच्या पार खालच्या अंगाला, सौंदत्तीकडं. मराठी अजिबात येत नव्हतं. मला कन्नड यायचं ते बाजारापुरते चार शब्द. ऑफिसचं परिपत्रक आलं की मी ते कुणाकडून तरी वाचून घ्यायची. पगार कन्नड सरकारचा आणि पत्र वाचायला दुसऱ्याचे डोळे, याची लाज वाटायची, पण सवय त्याहून मोठी होती. आम्ही दोघी बेळगावहून एकाच बसनं यायचो. पाऊण तासाचा रस्ता. तिथं सौदा ठरला: जाताना त्या मला शिकवणार, येताना मी त्यांना. दोन शंभर पानी वह्या घेतल्या. माझ्या वहीतल्या चुका त्या पेन्सिलीनं दुरुस्त करायच्या, मी त्यांच्या वहीत सवयीनं लाल पेनानं. आठवड्याभरानं त्यांनी विचारलं, "बाई, हा रक्त कशाला?" 'हे रक्त' असं मी सुधारलं, आणि त्यानंतर पेन्सिल घेतली.

शेंगांच्या प्रकरणानंतर मी अक्कोरना म्हटलं, मला आकडे पहिल्यापासून शिकवा. त्या म्हणायला लागल्या: इप्पत्तु, इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु, इप्पत्मूरु. वीस, वीस-एक, वीस-दोन, वीस-तीन. मग सत्तावीस म्हणजे इप्पत्तेळु, वीस-सात. बहात्तर म्हणजे एप्पत्तेरडु, सत्तर-दोन. जसं बोलायचं तसंच डावीकडून उजवीकडं लिहायचं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मराठीत आपण आधी सात म्हणतो आणि मग वीस, आणि लिहितो मात्र आधी दोन आणि मग सात. माझी पोरं 72 लिहीत होती ती माझ्या तोंडून शब्द ज्या क्रमानं पडत होते त्याच क्रमानं. आणि एकोणतीस! एक उणे तीस. तिथं आपण अजून न आलेल्या दशकाचं नाव घेतो आणि पोराकडून मागच्या दशकाची अपेक्षा करतो. बरं, नियम म्हणून पाळावा तर एकोणनव्वदपर्यंत पाळतो आणि नव्याण्णवला मोडतो. जर्मन पोरांनाही सत्तावीस म्हणताना सात आधी म्हणावा लागतो, त्यामुळं आपण एकटेच नाही, पण तेवढ्यानं माझ्या दुसरीतल्या पोरांचं काही हलकं होत नव्हतं.

मला 2019 आठवलं. महाराष्ट्रात बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आणलं आणि केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर. त्या शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरांचे उलटे शब्द जड जातात, सुरुवातीला हे सोपं पडेल. आमच्या शाळांना कर्नाटकाची पुस्तकं, त्यामुळं आमच्यावर काही येणार नव्हतं. पण मराठी माणूस सीमेच्या अलीकडं असला तरी भांडणात पलीकडच्या बरोबरच असतो. बाबा पेपर वाचून म्हणाले, "उद्या बावन्नकशी सोन्याला पन्नास-दोन-कशी म्हणा." आम्ही सगळे हसलो. व्हॉट्सॲपवर आलेले दोन विनोद मीही पुढं ढकलले. सत्तावीसचं 72 रोज तपासणारी बाई मी, आणि मला त्या बदलामागचं दुखणं ओळखता आलं नाही. कारण मला बावन्न कधी शिकावंच लागलं नव्हतं. आईच्या दुधाबरोबर आलेली गोष्ट अवघड असू शकते, हे कळायला ती दुसऱ्या भाषेत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चालत्या बसमध्ये शिकावी लागली. (बावन्न, सत्तावीस हे शब्द जावेत असं मला अजूनही वाटत नाही. पाढे त्यांच्याशिवाय बेचव होतील. पण आधी वीस-सात कळू दे, मग सत्तावीस गोड लागेल, एवढंच.)

दुसऱ्या दिवशी वर्गात काडेपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून नेले. आमच्या पोरांना कन्नड आकडे बाजारहाटामुळं थोडेफार येतातच. म्हटलं, "सत्तावीसला कन्नडात काय म्हणतात?" कुणीतरी "इप्पत्तेळु" म्हणालं. "मग इप्पत्तु किती गठ्ठे?" दोन. "एळु?" सात सुट्ट्या. असं कन्नडाच्या दारानं आत जाऊन आम्ही मराठी सत्तावीसपाशी पोचलो. जादू वगैरे काही झाली नाही. महिन्याभरानंतरही दोघं-तिघं 72 लिहीत होते. पण आता मला ते कुठं अडकलेत ते दिसत होतं, आणि "लक्ष कुठंय" हे वाक्य तोंडात येऊन परत जायचं.

ट्रेनिंगला गेलं की फळ्यावर एक शब्द हमखास असतो: अध्ययन-अध्यापन प्रक्रिया. मधली ती आडवी रेघ मला नेहमी चहाच्या सुट्टीसारखी वाटायची, दोन कंटाळवाण्या तासांमधली. त्याऐवजी साधी क्रियापदं घ्यावीत. मराठीत शिकणे, त्यात एक 'व' घातला की शिकवणे. कन्नडात 'कलि' म्हणजे शिक, आणि 'कलिसु' म्हणजे शिकव. दोन भाषांची कुळं वेगळी, पण दोघींनीही शिकवण्यासाठी निराळा शब्द आणला नाही, शिकण्याच्याच पोटातून काढला. आपल्या व्याकरणात याला प्रयोजक म्हणतात: बसणे-बसवणे, रडणे-रडवणे, निजणे-निजवणे. त्यातलं निजवणे मला फार आवडतं. पोर निजवताना आपण थोपटतो, दिवा बारीक करतो, गाणं म्हणतो, भांड्यांचा आवाज होऊ देत नाही. झोप मात्र त्याची त्यालाच लागते. आणि ते टक्क डोळ्यांनी बघत असताना कुठली आई बाहेर येऊन म्हणत नाही, "मी निजवलं, पण ते झोपलं नाही." आमच्या स्टाफरूममध्ये मात्र "मी शिकवलं, पण पोरं शिकली नाहीत" हे वाक्य रोज, चहाबरोबर, बिस्किटासारखं बुडवून खाल्लं जातं. मीही खाल्लंय.

बी.एड. करताना वायगॉट्स्कीवर टीप लिहायची होती. रशियन मानसशास्त्रज्ञ, 1896 साली जन्मला, 1934 साली क्षयानं गेला, जेमतेम सदतीस वर्षांचा. मूल एकटं जे करू शकतं आणि कुणाच्या मदतीनं जे करू शकतं, त्या दोहोंमधल्या जागेत शिकणं घडतं, असं त्याचं म्हणणं. मी व्याख्या घोकली, आकृती काढली, मार्क मिळाले, आणि निकालानंतर सगळं विसरले. शिकणं म्हणजे काय यावरचा धडा न शिकताच पास झाले म्हणायचं. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो ज्या शब्दाशी खेळत होता तो रशियन शब्द 'अबुचेनिये', आणि त्यात शिकणं आणि शिकवणं दोन्ही येतात. इंग्रजीत नेताना भाषांतरकारांनी कुठं एक बाजू घेतली, कुठं दुसरी. मराठीत आणताना एवढी अडचण पडायला नको होती. आपल्याकडं मधे फक्त एक 'व' आहे.

परतीच्या बसमधली शिक्षिका मी. वाटलं होतं, मराठी काय, सहज शिकवीन. पहिल्याच आठवड्यात अक्कोरनी विचारलं, "चार आणि चारा यात च वेगळा का?" मी म्हटलं, वेगळा कुठंय? एकच आहे. त्या म्हणाल्या, "परत म्हणा." मी चार म्हटलं, चारा म्हटलं, चिमटा म्हटलं, चाक म्हटलं. आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं की माझी जीभ एकदा टाळूला लागते आणि एकदा दातांमागं. सेहेचाळीस वर्षं मी हे करत होते आणि मला पत्ता नव्हता. मग लिंग. खुर्ची ती, स्टूल ते, फळा तो. "का?" का म्हणजे काय, आहे. कन्नडात निर्जीव वस्तूंचा हा छळ नाही. मी नियम शोधायला लागले; आकारान्त बहुधा पुल्लिंगी, ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी, पण पाणी ते आणि भाषा ती, मग अपवादांची यादीच नियमाहून लांब होऊ लागली. एक दिवस मी त्यांना सरळ सांगितलं की हे मला सांगता येत नाही. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटलं मीच दड्ड आहे." दड्ड म्हणजे ढ.

माझी पाळी होती ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ'ची. कन्नडात 'कोडु' म्हणजे दे, ओ आखूड. तोच ओ लांबवला की शिंग. आपल्या कानाला हा फरक नाहीच. महिनाभर मी अक्कोरना डबा दे, पुस्तक दे म्हणून शिंगं मागत होते. त्या हसायच्या नाहीत. मांडीवर बोटानं टिचकी मारायच्या. एक टिचकी म्हणजे आखूड, दोन म्हणजे लांब. आजीची सात बोटं आणि अक्कोरच्या टिचक्या, मला दोघींनीही तोंडानं शिकवून भागलं नाही तेव्हा हातानं शिकवलं.

एक नोव्हेंबर येणारच होता. शाळेत राज्योत्सव, लाल-पिवळा झेंडा, अक्कोर पोरांकडून गाणं बसवून घेणार. आमच्या घरी तो काळा दिवस, त्या दिवशी बेळगाव कन्नड राज्यात गेलं म्हणून. 1956 पासून बाबांच्या पिढीनं तो तसाच पाळला. बाबा पाय चालत होते तोवर बेळगावातल्या सायकल फेरीला जात. मी त्या दिवशी शाळेत हजर असते, कारण नोकरी, आणि घरी बाबांसमोर त्याविषयी बोलत नाही, कारण बाबा. त्या सकाळी बसमध्ये अक्कोरच्या पदराला छोटी फीत होती. आम्ही शेजारीच बसलो. वही उघडावी की नाही, दोघींनाही कळेना. मच्छे येईपर्यंत तशाच गप्प. मग त्यांनी माझी वही मांडीवर घेतली आणि आदल्या दिवशीचा अभ्यास तपासायला लागल्या. दोन चुका होत्या. त्या दिवशी त्यांनी त्या जरा जास्तच हळुवार दुरुस्त केल्या, असं मला वाटलं. कदाचित बस धक्के देत नसेल.

पोरं पोरांना शिकवतात ते मी 2020 मध्ये जवळून पाहिलं. शाळा बंद, आणि सरकारनं 'विद्यागम' सुरू केलं: शिक्षकांनी गावात जाऊन पोरांना जमेल तिथं बसवायचं. आमची जागा मारुतीच्या देवळाचा मंडप. पहिली ते सातवीची पोरं एकत्र, मी एकटी. दोन दिवसांत घसा बसला. मग सातवीच्या पोरींनी न सांगता पहिली-दुसरीतली वाटून घेतली. माझे आजोबा धुळपाटीवर शिकलेले. ते सांगायचे की त्यांना पंतोजींपेक्षा मोठ्या पोरांनीच जास्त शिकवलं. धुळाक्षरं गिरवून द्यायची ती वरच्या पोरानं, पंतोजी फक्त छडी घेऊन देखरेखीला. ही आपली जुनी रीत एका स्कॉटिश पाद्र्यानं थेट विलायतेला नेली. अँड्र्यू बेल मद्रासच्या अनाथालयात शाळा चालवत होता. तिथं त्यानं देशी शाळेतली पोरं वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिली. त्याच्या हाताखालच्या मास्तरांना हे पटेना, तेव्हा त्यानं आठ वर्षांच्या एका मुलालाच धाकट्यांच्या वर्गावर बसवलं. 1797 साली त्यानं त्यावर पुस्तक छापलं, आणि 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर पसरली. मात्र तिथं ती आवडली ती स्वस्त म्हणून: एक मास्तर, शेकडो पोरं. पुढं पुढं तिची कवायत झाली. जो मुलगा शिकवतोय तो शिकवताना काय शिकतोय, इकडं फारसं कुणी बघितलं नाही.

अक्कोर आधीच्या शाळेत 'नलि-कलि' पद्धतीनं शिकवायच्या. हसत-खेळत शिक, असा त्याचा अर्थ. 1995 साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली. शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीचं काम बघून आले आणि त्यांनी स्वतःच कार्डं बनवली. पहिली ते तिसरीची पोरं एका खोलीत, आपण शिडीच्या कुठल्या पायरीवर आहोत ते पोर स्वतः तक्त्यावर बघणार, आपलं कार्ड स्वतः उचलणार. काही गट बाईंजवळ, काही एकमेकांच्या मदतीनं, काही एकटे. "मग तुम्ही काय करायचा?" मी विचारलं. "बघायची," अक्कोर म्हणाल्या. "पहिलं वर्ष बघायलाच शिकली." कार्डं फाटतात, तक्ते जुने होतात, पटावरची पोरं वाढली की सगळं कोलमडतं, हेही त्यांनी सांगितलं. 2022-23 साली कोरोनानंतर 'कलिका चेतरिके' आलं, शिकणं पूर्ववत करण्यासाठी, त्याच्या वर्कशीट्सचे गठ्ठे खोलीत रचताना त्या म्हणाल्या, "नाव चांगलं आहे. आता कागद कमी आणि वेळ जास्त दिला तर बघू."

त्याच वर्षी दुसरीत एक पोरगी होती, 72वाली. जानेवारीत एकदा मी कार्यालयातून परत येते तर ती पहिलीतल्या आपल्या धाकट्या भावाला मांडीशी घेऊन काड्यांच्या गठ्ठ्यांसमोर बसलेली. मी दारातच थांबले. ती त्याला सांगत होती, "सत्तावीस म्हनताना उलटं म्हनायचं, आनि लिवताना सुलटं. बाईंनाबी पयला येत नव्हतं." हे शेवटचं वाक्य तिनं कुठून काढलं देव जाणे. मी वर्गात शेंगांची गोष्ट सांगितली होती, तिनं बहुतेक त्यातून आपल्याला हवं ते घेतलं. मग भावानं 72 लिहिलं. ती ओरडली नाही, काड्या त्याच्या हातात दिल्या. माझ्याहून लवकर शिकली.

पुढं अक्कोरची बदली रामदुर्गकडं झाली. शेवटच्या आठवड्यात परीक्षा, पेपर, निरोप समारंभ, त्यात वह्या तशाच राहिल्या. माझी वही मी कपाटात टाकली. गेल्या दिवाळीत सफाई करताना ती सापडली. शेवटच्या पानावर पाच वाक्यं, पेन्सिलीची एकही खूण नाही. चार बरोबर होती. पाचव्यात मी मोठ्या सफाईदार अक्षरांत लिहिलं होतं: मला एक पुस्तक शिंग. ओ लांब पडला होता.

मी अक्कोरना फोन लावला. अडीच वर्षांनी माझी चूक मला सापडली, म्हटलं. तुमची नजर चुकली की तुम्ही मुद्दाम ठेवली होती? त्या बराच वेळ हसत राहिल्या, पण उत्तर काही दिलं नाही. मग मराठीत म्हणाल्या, "बाई, मी काय म्हणते, चूक... चूक ती ना?"

"ती," मी म्हटलं.

माझं लक्ष त्यांच्या 'च'कडं होतं. जीभ बरोबर दातांमागं लागली होती.